आम्ब्रुशचं कडवं

या मंडळी, असे पुढं सरकून बसा. दारात उभं राहू नका. दारातून ऐकलेली गोष्ट अर्धी वाऱ्यावर जाते. हंगेरीतल्या झाला नदीच्या खोऱ्यातली गोष्ट आहे, बेर्केनेश गावची. हिच्यात राजा नाही, राणी नाही, कुणाला धनाचा हंडा सापडत नाही. एक म्हातारा आहे, त्याची आई आहे, आणि एक कडवं आहे. पण ऐकून उठाल तेव्हा रिकाम्या हातानं उठणार नाही, एवढा शब्द माझा.

सप्टेंबरातल्या एका सकाळी आगोतानं एतेल्का आत्याच्या फाटकासमोर गाडी उभी केली आणि ती तशीच आत बसून राहिली. हात चाकावर, नजर समोरच्या घरावर. हे तिच्या बाबांचं जन्मघर. पन्नाशी उलटली तरी आगोतानं त्याच्या अंगणात पाऊल टाकलं नव्हतं. ती जन्मली ऑस्ट्रियात, ग्राझला. ग्राझहून बेर्केनेश म्हणजे उणापुरा दोन तासांचा रस्ता. ग्राझची माणसं दात बसवायला आणि गरम पाण्याच्या कुंडात डुंबायला हंगेरीत येतात आणि संध्याकाळी घरी जेवायला परत जातात. एक तिचा बाप आम्ब्रुश तेवढा कधी आला नाही.

छप्पन सालच्या शरदात, रशियन रणगाड्यांनी लोकांचा उठाव चिरडला आणि अर्धा देश सरहद्दीकडं धावत होता तेव्हा, एकोणीस वर्षांचा आम्ब्रुशही गेला. गेला तो गेलाच. पुढं काटेरी तारा गुंडाळल्या गेल्या, पहाऱ्याचे मनोरे पाडले, सगळे पळालेले हातात मिठाई घेऊन आपापल्या गावी जाऊन रडून आले. आम्ब्रुश आधी म्हणायचा वेळ नाही, मग म्हणायला लागला गुडघे दुखतात.

आता त्याचं हृदय थकलं होतं. पहिलं बर्फ बघतील, त्यापुढचं देवाच्या हाती, असं डॉक्टरांनी आगोताला बाहेर बोलावून सांगितलं. तिनं धीर करून बाबांना विचारलं, "बाबा, तुम्हाला कुठं ठेवायचं? बेर्केनेशला, आजीशेजारी?"

"तिथं नको. इथंच कुठंतरी ठेव."

"का?"

तेव्हा म्हातारा पहिल्यांदा बोलला.

तर मंडळी, त्या मुलखात तेव्हा एक रीत होती. माणूस गेलं की पेटी घराच्या अंगणात ठेवायची, सगळं गाव गोळा व्हायचं आणि कांतोर निरोप गायचा. कांतोर म्हणजे देवळातला गाणारा बुवा. पण निरोप तो आपल्या तोंडानं गात नसे. गेलेलं माणूसच त्याच्या गळ्यातून बोले: "अमक्या लेका, येते रे. अमक्या शेजारणी, माझं चुकलंमाकलं पोटात घाल." एकेकाचं नाव घेऊन, एकेकाला एकेक कडवं. ज्यांच्या डोळ्यांत तोवर टिपूस नसे ते आपलं नाव ऐकून कोसळत. क्रमही ठरलेला: आधी जोडीदार, मग थोरला मुलगा, मग बाकीची मुलं, सुना, भावंडं, शेजारी. शेत वाट्याला आलं नाही तर माणूस भांडतो; कडवं वाट्याला आलं नाही तर माणूस कुणाशी भांडणार?

"आई गेली तेव्हा मी इथं होतो," बाबा म्हणाले. "पुढं आमच्या गावचा झिगाही पळून आला. तो त्या दिवशी तिथं होता. म्हणाला, एतेल्काचं कडवं झालं, मावशीचं झालं, शेजाऱ्यांचं झालं, दुधाच्या गाईलासुद्धा आठवलं तुझ्या आईनं. तुझं नाव मात्र आलं नाही."

"आणखी काय म्हणाला?"

"आणखी काय ऐकायचं होतं? मी उठलो आणि निघून आलो. झिगाचं तोंड पुन्हा बघितलं नाही." मग ते म्हणाले, "गिरणीला जातो म्हणून घरातून निघालो होतो गं मी. खोटं बोललो. तिचा निरोप घेतला नाही, तिनंही मला दिला नाही. तिचं बरोबरच होतं. पण ज्या आईनं निरोप दिला नाही तिच्या कुशीला जाऊन निजायचं कुठल्या तोंडानं?"

म्हणून आगोता आली होती. आजीनं खरंच बाबांना वगळलं का, एवढंच तिला विचारायचं होतं. आणि उत्तर 'हो' आलं तर काय, या धास्तीनं गाडीतून पाय निघत नव्हता.

"काय गं, ग्राझच्या लोकांना गाडीतून उतरायला पण परवानगी लागते का?"

फाटकावर उंच, ताठ म्हातारी उभी होती. कमरेला निळा ॲप्रन, कोपरापर्यंत हात जांभळे. एतेल्का आत्या. जन्मभर मास्तरीणपण केलेली. हाक मारली की अजून रस्त्यावरची पोरं दचकून सरळ चालायची.

आगोता उतरली. आत्यानं तिला आपादमस्तक न्याहाळलं. "नाक तुझ्या बापाचं. बाकी ठीक आहेस. ये आत. चूल पेटलीय, उभं राहून गळ्यात पडायला सवड नाही."

अंगणाच्या मधोमध तांब्याचा मोठा हंडा चढवला होता आणि त्यात मुरंब्यासाठी आलुबुखार रटरटत होते. शेजारी बुटक्या स्टुलावर दुसरी म्हातारी बसली होती, गोल, गालांवर लाली, मांडीत फळांचं घमेलं. एकेक फळ चिरून बी काढून टाकत होती. ही शेजारीण गिझी.

"एतेल्का, अगं पोरीला आधी पालिंका तरी दे घोटभर," गिझी म्हणाली.

"मला गाडी चालवायचीय," आगोता म्हणाली.

"मग नुसता वास घे, बाई. आमच्या पाद्र्याला वासानंच चढते."

आत्यानं लांब दांड्याचं लाकडी वल्हं आगोताच्या हातात दिलं. "हे धर. दोनदा कडेनं, एकदा मधनं. थांबायचं नाही. थांबलीस की बूड करपतं, आणि करपलं की ही गिझी पुढच्या ईस्टरपर्यंत गावभर सांगत फिरते."

"फिरणारच. गेल्या खेपेला नव्हतं का करपलं?"

"गेल्या खेपेला तू ढवळत होतीस!"

आगोता ढवळू लागली. दोनदा कडेनं, एकदा मधनं. तळाला लागू नये म्हणून टाकलेले सालीसकट अक्रोड हंड्याच्या बुडाशी खडखडत होते. धूर फिरेल तशी ती सरकत होती आणि सरकता सरकता घराकडं बघत होती. बाबांनी घराचं वर्णन तिला कितीदा केलं होतं! ओसरी एवढी लांब की घोडा दौडवावा. प्रत्यक्षात चार माणसं आडवी झोपली की संपेल एवढी होती. गच्च सावलीचं अक्रोडाचं झाड होतं, विहीर होती, विहिरीवर आता पत्र्याचं झाकण होतं आणि झाकणावर मांजर. घरातल्या वस्तूंबद्दल बाबा तासन् तास बोलत. माणसांबद्दल कधी बोलत नसत.

"कसा आहे?" आत्यानं विचारलं. कोण ते सांगावं लागलं नाही.

"बरे नाहीत."

"हं." आत्यानं चुलीत लाकूड सारलं. "दर नाताळला फोन करतो. 'एतेल्का, बर्फ पडलं का?' पडलं. 'इकडंही पडलं.' झालं बोलणं. सख्खी बहीण आहे मी त्याची, हवामान खातं नव्हे."

गिझी हसली, पण आत्या हसली नाही. तिच्या डोळ्यांत कित्येक नाताळांचा राग साठलेला आगोताला दिसला. आता विचारलं नाही तर विचारणं होणार नाही, असं तिला वाटलं. वल्हं न थांबवता, हंड्यात बघत तिनं विचारलं, "आत्या, आजीच्या अंत्यविधीला कडवी कुणाकुणाची झाली?"

चुलीशी ओणवलेल्या आत्यानं मान वर केली.

"हे कुठून काढलंस?" आत्या म्हणाली.

"बाबा म्हणाले, त्यांचं कडवं झालं नाही. म्हणून ते येत नाहीत. कधीच आले नाहीत ते म्हणूनच."

आत्या ओणवी होती ती हळूहळू सरळ झाली. "कुणाचं झालं नाही? आम्ब्रुशचं? गिझी, ऐकलंस का?"

"कोण म्हणालं असं?" गिझीच्या हातातली सुरी घमेल्यात पडली.

"झिगा."

"झिगा!" गिझी ओरडली तसं मांजर विहिरीवरून उडी मारून पळालं. "अगं तो फाटकाबाहेर घोडे धरून उभा होता! त्या घोड्यांना जेवढं कळलं तेवढंच त्याला कळलं असणार!"

"तू ढवळ," आत्या आगोताला म्हणाली. तिचा आवाज बदलला होता. ती ओसरीच्या पायरीवर बसली, जांभळे हात ॲप्रनला पुसत राहिली, आणि मग तिनं सांगितलं ते असं.

आई, म्हणजे बोर्बाला, आम्ब्रुश गेल्यावर दोन वर्षांनी हिवाळ्यात अंथरुणाला खिळली. नवरा युद्धातून परतलाच नव्हता, थोरला सरहद्दीपलीकडं, घरात एकटी एतेल्का, तीही मास्तरीण व्हायच्या शाळेत शिकणारी. एक दिवस बोर्बालानं क्रिश्तोफ कांतोरला बोलावणं धाडलं. तो डोक्यावरची टोपी गुडघ्यावर ठेवून खाटेशी बसला. निरोपाची नावं मरणाऱ्यानं स्वतः सांगायची ही रीतच होती. बोर्बाला म्हणाली, "पहिलं आम्ब्रुशचं."

कांतोर घुटमळला. "बोर्बालाबाई, अंगणात सरकारी कौन्सिलचा माणूस कान लावून उभा असेल. प्रत्येक अंत्यविधीला असतो. पळालेल्याचं नाव मी सगळ्यांदेखत गायलं, तर मला काय करतील ते करोत, मी म्हातारा आहे. पण या पोरीला शाळेतून काढतील."

"आई डोळे मिटून पडली," आत्या म्हणाली. "मी उशी धरून उभी होते. मला वाटलं झोप लागली. मग ती म्हणाली, 'नाव घेऊ नका. पण त्याची जागा दुसऱ्या कुणाला देऊ नका.' आणखी काही नाही. कांतोरबुवांनी मान हलवली, टोपी घातली आणि ते गेले."

"ते दुसऱ्या दिवशी आमच्याकडं सरपण मागायला आले होते," गिझी म्हणाली, "पण तोंडातून एक अक्षर काढलं नाही हो."

आणि मग अंत्यविधीचा दिवस. बोर्बालाची पेटी याच अंगणात, आता हंडा होता तिथंच, दोन बाकांवर ठेवलेली. कडाक्याची थंडी. कौन्सिलचा माणूस चामडी कोटात अक्रोडाच्या झाडाखाली उभा. क्रिश्तोफ कांतोर बोडक्या डोक्यानं पेटीच्या उशाशी आला आणि त्यानं सूर लावला:

*जाते मी मंडळी, भरली माझी घडी,*
*लोटून घ्या दार, आता सोडली मी कडी.*

"आता पहिलं कडवं थोरल्याचं," आत्या म्हणाली. "आमचे बाबा नव्हते, म्हणजे दादाचंच. सगळं गाव श्वास रोखून उभं. आणि कांतोरबुवांनी ओठ मिटले. मिटल्या ओठांनी अख्खं कडवं गायले. शब्द नाही, नुसती चाल. आधी वाटलं, म्हातारा विसरला. मग मागून गिझीच्या आईनं त्याच चालीत सूर मिसळला..."

"मी तिच्याशेजारीच होते," गिझी म्हणाली. "तिनं माझा हात असा दाबला, असा, की मीही गुणगुणायला लागले. मग पलीकडच्या बायका. मग सगळ्याच. पुरुष मान खाली घालून उभे. तोंडं सगळ्यांची मिटलेली, आणि अंगण सुरानं भरलेलं. देवाशपथ सांगते पोरी, देवळातल्या ऑर्गनमधून तसा आवाज मी पुन्हा ऐकला नाही."

"आणि मग माझं कडवं," आत्या म्हणाली, आणि तिनं ते बसल्या जागी हलक्या आवाजात गाऊनच दाखवलं:

*लेकी गं एतेल्का, सोड माझा हात,*
*तुझ्यासाठी ठेविला मी लावून दिवा आत.*

हंडा रटरटत होता. आगोताच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण दोन्ही हात वल्ह्यावर असल्यामुळं पुसता येत नव्हतं.

"तो चामडी कोटवाला नंतर आलाच की विचारायला," गिझी म्हणाली. "'सुरुवातीलाच काय झालं हो, कांतोर?' बुवा म्हणाले, 'शब्द विसरलो, कॉम्रेड. वय झालं.' 'आणि बायका का गुणगुणत होत्या?' बुवा म्हणाले, 'त्याही विसरल्या.'"

आता मात्र आत्याही हसली. हसता हसता तिनं डोळे टिपले आणि कपाळभर जांभळा डाग पडला. "त्यांना तालुक्याच्या गावी बोलावून बसवून ठेवलं. दर वेळी तेच उत्तर, शब्द विसरलो. त्या हिवाळ्यात त्यांच्या वाट्याचं जळण आलंच नाही. मग गावच्या बायका ॲप्रनखाली एकेक लाकूड घेऊन देवळात जायच्या. प्रार्थना वाढली म्हणून पाद्रीबाबा खूश!"

"पण आत्या, तुम्ही हे बाबांना कधी कळवलं का नाही?"

"कसं कळवणार? पत्रं वाटेत फोडायचे. आणि नंतर वाटलं, त्याला ठाऊकच असणार. या गावातल्या दगडांनाही ठाऊक आहे. जे सगळ्यांना ठाऊक ते मुद्दाम सांगतं का कुणी? मला वाटलं, ठाऊक असूनही येत नाही. ग्राझचा साहेब झाला. आईनं जागा राखली, आणि याला दोन तास काढता येत नाहीत. म्हणून मग मीही म्हटलं, बर्फ तर बर्फ." ती पायरीवरून उठली. मग एकदम म्हणाली, "लाव त्याला फोन."

गिझीनं वल्हं घेतलं. आगोतानं फोन लावला. पलीकडून बाबांचा बारीक, थकलेला आवाज आला. "हं, पोचलीस? ऊन आहे का तिकडं?"

"इकडं दे," आत्या म्हणाली, आणि फोन कानाला लावून, "दादा, तू गाढव आहेस."

पलीकडं खाट करकरली. मग, "एतेल्का?"

"दुसरं कोण म्हणणार तुला गाढव? ज्यांना हक्क होता ते सगळे वर गेले. आता नीट ऐक. सगळ्यात आधी तुझं कडवं झालं. माझ्याही आधी."

"झिगा म्हणाला..."

"झिगा घोडे धरून होता! नाव घेतलं नाही, खरं आहे. घेतलं असतं तर मी मास्तरीण झाले नसते, डुकरं राखत बसले असते. आईनंच कांतोरबुवांना सांगितलं, नाव घेऊ नका, पण त्याची जागा दुसऱ्या कुणाला देऊ नका. अख्खं कडवं मिटल्या तोंडानं झालं, दादा. सगळं गाव गायलं तुझ्यासाठी. ऐकतोयस का?"

उत्तर आलं नाही. आत्यानं घाबरून आगोताकडं बघितलं. "दादा?"

"ऐकतोय," बाबा म्हणाले. "ती स्वतः असं म्हणाली?"

"स्वतः. माझ्या या कानांनी ऐकलंय."

"आणि गिरणीचं? एतेल्का, मी तिला गिरणीचं खोटं..."

"कसली गिरणी? त्या दिवशी घरात पिठाची कोठी काठोकाठ भरलेली होती. तू रिकामी पिशवी खांद्यावर टाकून निघालास आणि ती फाटकापर्यंत आली, आठवतंय? गिरणीला निघालेल्या पोराला कुठली आई फाटकापर्यंत पोचवायला येते? चौदा वर्षांच्या मला कळलं, आणि तुला अजून कळलं नाही?"

यावर फोनमधून जो आवाज आला तो आगोतानं आपल्या बाबांच्या तोंडून कधी ऐकला नव्हता. ती पुढं झाली, पण आत्यानं हातानं तिला थोपवलं. रडू दे, अशा अर्थानं. दोघी उभ्या राहिल्या. गिझी ढवळत राहिली.

थोड्या वेळानं बाबांनी विचारलं, "चाल कुठली होती?"

आत्यानं फोन हंड्याच्या बाजूला, गिझीच्या आणि आपल्या मधोमध धरला. दोघी म्हाताऱ्यांनी ओठ मिटले आणि चाल सुरू केली. गिझीचं वल्हं फिरत होतं, दोनदा कडेनं, एकदा मधनं, आणि चालही तशीच फिरून फिरून मधे येत होती. पहिली ओळ झाली, दुसरी झाली. तिसऱ्या ओळीला फोनमधून एक घोगरा, फाटका सूर त्यांच्यात येऊन मिळाला. अर्धी मात्रा मागं राहत होता, पण चाल चुकत नव्हता.

मग बाबा म्हणाले, "आगोता, मला न्यायला ये."

"बाबा, डॉक्टरांना विचारावं लागेल."

"विचारू नको. सांग."

"आणि रिकाम्या हातानं येऊ नको, दादा," आत्या म्हणाली. "कॉफी आण. तुमच्याकडची कॉफी बरी असते."

तर मंडळी, आम्ब्रुश आला. चाकाच्या खुर्चीतून, औषधांची अख्खी पेटी घेऊन, आणि तीन पाकिटं कॉफी. पहिलं बर्फ त्यानं त्याच ओसरीवरून बघितलं, आणि देवाच्या दयेनं त्या हिवाळ्यातली पुढचीही पुष्कळ बर्फं बघितली. एतेल्काशी रोज पत्त्यांवरून भांडला, ओसरी पूर्वी लांब होती हे मरेपर्यंत सोडलं नाही. जानेवारीच्या शेवटी तो गेला. बेर्केनेशला आता कांतोर नाही. म्हणून एतेल्का आत्या स्वतः उभी राहिली आणि आपल्या मास्तरणीच्या खणखणीत आवाजात भावाच्या तोंडचा निरोप गायली. त्यात आगोताचं कडवं होतं, गिझीचं होतं, झिगाचंही होतं. आम्ब्रुश आईशेजारी निजला.

आणि आता तुमच्याकडं एक मागणं आहे. बोर्बालाला नातवंडं-पतवंडं आहेत, आम्ब्रुशला आगोता आहे. त्यांची आठवण त्यांची माणसं ठेवतील. क्रिश्तोफ कांतोरला कुणी नव्हतं. शेकडो माणसांचे निरोप त्यानं गायले, आणि त्याचा गायला कुणी उरलं नाही; पाद्र्यानं दोन प्रार्थना म्हटल्या आणि माती लोटली. तेव्हा आज घरी गेल्यावर दिव्यापुढं हात जोडाल, आपल्या गेलेल्यांची नावं घ्याल, तेव्हा शेवटी त्याचंही एक नाव घ्या. क्रिश्तोफ. मोठ्यानं घ्या, आता कुणाची बंदी नाही.